वीरगळ, उजवा खांदा आणि खिशातला कॅमेरा

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दुपारची गर्दी नव्हती, म्हणून कॅमेऱ्याची बॅग मी सरळ त्यांच्या काट्यावर ठेवली. ३ किलो ४०० ग्रॅम. ट्रायपॉड घरीच होता, तो वेगळा. "एवढं वजन घेऊन फिरतासा काय बाई?" दुकानदारांनी विचारलं. आठ वर्षं फिरत होते.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. राहायला बेळगावात, टिळकवाडीच्या अंगाला. सुट्टी मिळाली की वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीत कोरलेल्या शिळा), सतीशिळा, दगडावरचे जुने लेख शोधत जायचं, फोटो काढायचे, शिळेची मापं आणि जागा वहीत टिपायची, हे बरीच वर्षं चाललंय. हलशी आणि देगावची देवळं सगळ्यांना ठाऊक असतात. पण मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त शिळा शेताच्या बांधाला, ओढ्याकाठी, नाहीतर पाराच्या दगडांत बसवून टाकलेल्या आहेत. तिथवर स्कूटर पोचत नाही. शेवटचा एक-दोन किलोमीटर चालायचं, आणि पाठीवर निकॉनचा डी७२००, १८-१४० ची लेन्स, ७०-३०० ची लेन्स, फ्लॅश. गेल्या पावसाळ्यानंतर उजवा खांदा असा आखडला की केस विंचरायला हात वर जाईना. फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंनी माझी बॅग एका हाताने उचलून पाहिली, खाली ठेवली आणि सांगितलं, सहा महिने ही खांद्यावर घ्यायची नाही.

सहा महिने थांबायला माझं मन तयार नव्हतं. त्याला कारण आहे. एका गावात मी तीन थरांचा सुरेख वीरगळ पाहिला होता. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. पुढच्या वर्षी गेले तर देवळाचा जीर्णोद्धार झालेला आणि शिळेला चंदेरी ऑइल पेंट. लोकांनी भक्तीनेच दिलेला, त्यांना काय बोलणार? पण अप्सरांचे चेहरे त्या रंगाखाली बुजले. माझ्याकडचे आदल्या वर्षीचे चार फोटो तेवढे उरले. म्हणून थांबायचं नाही, हलका कॅमेरा घ्यायचा, एवढं ठरलं.

मोठ्या कॅमेऱ्याचा आणखी एक त्रास होता. तो खांद्यापेक्षाही जुना. कणकुंबी-जांबोटीकडच्या गावांत गळ्यात एवढा कॅमेरा घालून गेलं की लोक घरातून बाहेर येऊन उभे राहतात. "कसला सर्वे चाललाय बाई? फॉरेस्टाकडनं आलासा काय?" भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आणि आपल्या सीमाभागात सर्वे म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठल्या सरकारचा? मग वही काढायची, शाळेचं नाव सांगायचं, जुने फोटो दाखवायचे. अर्धा तास जातो. तो अर्धा तास मला आवडतो, त्यातूनच पुढच्या शिळेचा पत्ता मिळतो. पण सुरुवात संशयाने व्हावी हे बरं वाटत नाही. छोटा कॅमेरा घेतला म्हणजे न विचारता फोटो काढायचे असा मात्र अर्थ मी कधीच लावला नाही. विचारायचंच.

आता कोणता घ्यायचा? पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या टोकाने चालले होते. रोज रात्री परीक्षणांचे व्हिडिओ बघायचे आणि रोज नवा कॅमेरा मनात भरायचा. बहीण चार दिवस राहायला आली होती, ती म्हणाली, "काय गे, रोज तेच तेच बघूलालीस? तुला लागतंय काय ते आधी लिही की." तेव्हा मी परीक्षणं बंद केली आणि स्वतःचेच फोटो उघडले. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत तो किती मिलिमीटरवर काढला (हीच फोकल लेंग्थ, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), लेन्सचं छिद्र किती उघडं होतं, आयएसओ म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता किती, हे सगळं नोंदलेलं असतं. दोन वर्षांचे ६,१४० फोटो मी फोकल लेंग्थप्रमाणे लावून पाहिले. ४,९०० च्या वर फोटो १८ ते ५० मिलिमीटरमधले निघाले. ७०-३०० ने काढलेले चारशेच्या आसपास, बहुतेक पक्ष्यांचे, आणि त्यांतले ठेवण्याजोगे अकरा. अकरा फोटोंसाठी मी पाऊण किलोची लेन्स दोन वर्षं वाहत होते.

त्या यादीने माझं अर्धं काम केलं. माझ्या निकॉनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, एपीएस-सी मापाचा. तो जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरहून लहान, म्हणून त्यावरच्या १८ ते ५० चा आवाका फुल फ्रेमच्या भाषेत २७ ते ७५. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात, २४ ते ७० ची झूम पुष्कळदा मिळते. २४ ला तर उलट थोडं जास्तच रुंद दिसतं, आणि देवळाच्या अरुंद मंडपात मागे सरकायला जागा नसते तेव्हा तेवढं थोडंही खूप असतं.

पुढची भीती सेन्सरची. चांगल्या कॉम्पॅक्टपैकी पुष्कळांत ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर असतो. नावात एक इंच असला तरी प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. माझ्या निकॉनचा २३.५ बाय १५.६, सुमारे ३६७. तिपटीहून मोठा. हे आकडे कागदावर लिहिल्यावर माझा उत्साहच मावळला होता. तिप्पट कमी सेन्सर घेऊन अंधाऱ्या गाभाऱ्यात काय दिसणार? पण मग लेन्सचं गणित मांडलं. माझी १८-१४० रुंद टोकाला एफ ३.५ वर उघडते (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या तिसऱ्या मॉडेलची लेन्स एफ १.८ वर. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर जवळजवळ चौपट प्रकाश. निकॉनला ज्या अंधारात आयएसओ ३२०० लागतं, तिथे या लहानग्याला ८०० पुरतं. सेन्सर लहान असल्याचा तोटा लेन्सने बराचसा भरून काढलेला. मोठा कॅमेरा अंधारात सरस ठरतो तो त्याला मोठ्या छिद्राची लेन्स लावल्यावर, माझ्यासारखी सोबत आलेली झूम लावून नाही. हे मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा फायदा तर माझ्या कामासाठीच केल्यासारखा. लहान सेन्सरवर एफ ४ ला जेवढी खोली स्पष्ट येते, तेवढी मिळवायला निकॉनला एफ ७ पर्यंत जावं लागतं. तिरक्या रुतलेल्या शिळेचे तिन्ही थर एकाच फोटोत नीट हवे असतात, आणि त्यासाठी मी दरवेळी छिद्र बारीक करून उजेड गमवत होते.

मुलाचं म्हणणं, मोबाइल असताना कॅमेरा कशाला? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो मनावर घेतला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ऊन तिरपं असताना, एका झिजलेल्या लेखाचे फोटो मोबाइलने आणि निकॉनने काढले. झिजलेलं अक्षर वाचता येतं ते त्याच्या सावलीमुळे. उजेड बाजूने आला की खोदलेल्या रेघेच्या एका काठाला काळी कड धरते, आणि तीच कड आपण वाचतो. मोबाइल काय करतो, तर तीन-चार फोटो एकत्र करून सावल्या उजळवतो. चेहऱ्यासाठी ते उत्तम. माझ्या लेखातली निम्मी अक्षरं मात्र त्या उजळवण्यात गेली. वर दगडाचा खडबडीतपणा त्याने स्वतःच्या कल्पनेने घासून गुळगुळीत केलेला. माझा मोबाइल साधा आहे, महागड्यात ही करामत बंद करता येते आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, फोटोही मिळतो. पण त्या किमतीत बरा कॅमेरा येतो.

मग खरी निवड सुरू झाली. बेळगावच्या दुकानांत कॉम्पॅक्ट हातात घेऊन बघायला मला मिळाले नाहीत. लेन्स बदलता येणारे मिररलेस कॅमेरे आहेत, लेन्स आहेत, पण खिशातले कॅमेरे मागवून देतो म्हणाले. न हाताळता एवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती. शेवटी ओळखीपाळखीतून उसने मागितले.

पुण्यात नोकरी करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी दिवाळीला आली तेव्हा तिचा रिको जीआर ३ आठवडाभर माझ्याकडे ठेवून गेली. २५७ ग्रॅम, त्यात सेन्सर माझ्या निकॉनएवढाच. चित्र इतकं स्वच्छ की काही दिवस मी दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याचा विचारच करत नव्हते. पण एकच लेन्स, २८ मिलिमीटरची, झूम नाही. उंचावरच्या शिल्पाजवळ आपण जाऊ शकत नाही. आणि त्याला डोळा लावायला जागाच नाही, फक्त मागचा पडदा.

यावर जरा थांबते, कारण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला परीक्षणांत हे कुणी सांगत नाही. मला जवळचं दिसायला चष्मा लागतो. लांबचं दिसायला लागत नाही. पडदा बघायचा तर चष्मा घालायचा, शिळा बघायची तर काढायचा. दुपारच्या उन्हात पडद्यावर माझंच तोंड दिसतं. चार दिवसांत मी रडकुंडीला आले. व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीला, डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं छोटं चाक किंवा खिटी असते. एकदा जुळवलं की चष्मा खिशात. त्या दिवसापासून यादीत पहिली अट लिहिली, व्ह्यूफाइंडर हवाच. त्या एका अटीने कॅननचा जी७ एक्सही गळाला, नाहीतर त्याची २४ ते १०० ची लेन्स मला हवीशी होती.

फूजीफिल्मचा एक्स१००व्ही एका सहकाऱ्याच्या मुलाकडे होता. असं सुंदर यंत्र मी आजवर हातात धरलं नव्हतं. पण ४७८ ग्रॅम, पुन्हा एकच लेन्स, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर. आता त्याचा २०२४ चा नवा अवतार आलाय, त्याच्यासाठी जगभर लोक रांगेत होते.

उरले दोन. पॅनासॉनिकचा एलएक्स१०० मार्क २ आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ३. पॅनासॉनिकचा सेन्सर सोनीहून बराच मोठा, लेन्स २४ ते ७५ आणि एफ १.७ पासून, व्ह्यूफाइंडर कायमचा बसवलेला, छिद्राची कडी लेन्सवरच. हातात धरला तर आपला वाटतो. सोनी त्यापुढे साबणाच्या वडीसारखा निसरडा, व्ह्यूफाइंडर बटण दाबून वर काढायचा आणि पुन्हा तो मागे ओढायचा, दोन कामं. मनाचा कौल पॅनासॉनिकला होता.

निकाल लागला तो बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचण याने इ. स. १२०४ मध्ये बांधवलेली ही बस्ती. तिच्या मंडपाच्या छताला काळ्या दगडातलं कमळ उलटं लोंबतं, पाकळीवर पाकळी. आत उजेड कमी. दोन्ही कॅमेरे त्या दिवशी माझ्याजवळ होते, एक कोल्हापूरहून आलेल्या स्नेह्यांचा आणि एक त्यांच्या मित्राचा. सवयीने मी ट्रायपॉडला हात घातला. राखणदार लगेच आले. "ट्रायपॉड ब्याडरी मेडम." बरोबरच होतं त्यांचं, संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते.

मग कमळ घ्यायचं कसं? मान मागे टाकून, हात वर करून. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पॅनासॉनिकचा पडदा पाठीला घट्ट, हलत नाही. तो घेऊन मी खरोखर जमिनीवर आडवी झाले. राखणदार हसले नाहीत, उलट पाणी हवं का म्हणून विचारलं. सोनीचा पडदा मात्र बाहेर ओढून वळवता येतो. कॅमेरा पोटाशी धरला, लेन्स वर केली, पडदा माझ्याकडे. एफ १.८, सेकंदाचा तिसावा भाग, आयएसओ ८००. घरी संगणकावर पाहिलं तर पाकळ्यांच्या कडा कडेपर्यंत नीट. बांधावरच्या गुडघाभर उंचीच्या शिळेसाठीही हेच. कॅमेरा खाली, पडदा वर, चिखलात बसायला नको. कागदावर पॅनासॉनिक सरस होता, आजही मी तसंच म्हणेन. पण माझ्या मानेला, गुडघ्याला आणि खांद्याला सोनी हवा होता.

याच मालिकेतला सातवा, २४ ते २०० ची लेन्स असलेला, तेव्हा नवा लाखाच्या घरात जात होता. म्हणून २०१४ साली आलेला तिसराच जुना घ्यायचा ठरवला. पहिला सौदा फिसकटला. ज्याने विकायला काढला होता त्याने पाठवलेले फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचे होते. प्रत्यक्षात लेन्स बाहेर येताना करकर वाजली आणि पडद्यावर बंद करून पुन्हा चालू करा असा संदेश आला. बाहेर-आत होणाऱ्या लेन्सचे दाते झिजले किंवा त्यात कण गेला की हेच होतं. तीन तास प्रवास करून गेले होते, रिकाम्या हाताने परत आले.

दुसऱ्या वेळी तयारीने गेले. हुबळीतले एक निवृत्त गृहस्थ, बिल आणि खोकं सांभाळून ठेवलेले. मी आधी लेन्स वीस वेळा उघडबंद केली. मग सगळ्यात बारीक छिद्र, एफ ११, ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. धुळीचा कण आत असेल तर तिथे राखाडी ठिपका दिसतो. या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही, म्हणजे आतला कण आपल्याला पुसता येत नाही. व्ह्यूफाइंडर दहा वेळा वर-खाली. चार्जिंगचं भोक सैल आहे का तेही. २८,००० रुपये ठरले. त्यांनी दोन बॅटऱ्या वर दिल्या आणि येताना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

बॅटरी आणि कार्डासकट २९० ग्रॅम. त्याच किराणा दुकानात नेऊन मी तो काट्यावर ठेवला.

पुढच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मात्र त्याने मला निराश केलं. रात्रभर चालणारी ती मिरवणूक, हलते सजीव देखावे, मावळ्यांच्या वेशातली पोरं, दिव्यांचा लखलखाट आणि मध्येच काळोख. गणपत गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी तीनशेच्या आसपास फोटो काढले, त्यांतले शंभरभर तरी फोकस चुकलेले. या मॉडेलचा ऑटोफोकस पुढे-मागे चाचपत राहतो, तेवढ्यात तलवार खाली आलेली असते. निकॉनने हे फोटो सहज दिले असते. ज्यांना हलतं जग टिपायचंय त्यांनी तिसरा घेऊ नये, याच मालिकेतला पाचवा किंवा पुढचा बघावा.

व्ह्यूफाइंडर खाली दाबला की आख्खा कॅमेरा बंद होतो, यालाही मी अजून सरावले नाही. निसरडेपणावर चिकटवायची रबरी पकड लावली, ते काम झालं. शटरचा आवाज इतका हळू की काकड आरती चालू असतानाही कुणाची मान वळत नाही. शिळेवर बाजूने बॅटरीचा झोत टाकायला आता माझा एक हात मोकळा असतो. पूर्वी त्यासाठी कुणीतरी पोर बरोबर लागायचं.

पावसाळ्याची काळजी वेगळीच. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते. निकॉनच्या ७०-३०० मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे मी याच दमटपणात वाढू दिले होते. नवा कॅमेरा पापडाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजते, पुन्हा निळे होतात. बाहेर नेताना शेजारच्या काकूंनी शिवलेली पिशवी असते, शहापूरच्या जुन्या लुगड्याच्या काठाची, दुहेरी अस्तराची. पर्समध्ये डब्याशेजारी मावते.

निकॉन चार महिने कपाटात होता. १८-१४० सकट निपाणीकडच्या एका मुलाला ३६,००० ला दिला. लग्नाचे फोटो काढायला लागलाय, त्याला तो उपयोगी पडेल. ७०-३०० ची बुरशी दाखवूनच, पैसे न घेता बरोबर दिली. साफ करून घेतो म्हणाला. पट्टा तेवढा मी काढून ठेवणार होते, आठ वर्षं मानेवर घासून मऊ झालेला, पण त्याच्याकडे दुसरा नव्हता.

मार्चमध्ये कणकुंबीच्या वाटेवर एका उंबरावर धनेशाची जोडी बसली होती. ७० मिलिमीटरमध्ये ते झाडावरचे दोन ठिपके आले. वहीत वेळ आणि जागा लिहिली. त्याच वाटेने पुढे बांधाला एक शिळा सापडली, वरचा थर फुटलेला, खालचे दोन शाबूत. बाजूने बॅटरी धरून एफ ४ वर बारा फोटो काढले. शेतमालक गवताचा भारा खाली ठेवून जवळ आले, पडदा वळवून मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी सांगितलं की हिचा तुटलेला तुकडा गोठ्याच्या पायरीला लावलाय. पुढच्या रविवारी तो बघायला जायचंय.